रुसव्याची दुसरी खाट

१० जानेवारी २०१९. रुपये बेचाळीस हजार सहाशे पंचवीस.

एवढी रक्कम मी स्वतः मोजून मंगतायारूच्या हातात दिली. महिना दोन हजार, बचतीचे वीस हप्ते, एकही चुकलेला नाही, आणि वर सव्वीसशे पंचवीस व्याज. आत्रेयपुरमच्या आमच्या पतसंस्थेत मी चौतीस वर्षं हिशेबनीस आहे. येत्या जूनअखेर निवृत्त होईन. एवढ्या वर्षांत सगळे हप्ते दहा तारखेलाच भरणारी माणसं मला बोटांवर मोजता येतील, आणि त्यांत बहुतेक शाळामास्तर.

मंगतायारू पूतरेकुलू या मिठाईचे पापुद्रे काढते. तापलेल्या पालथ्या घागरीवर तांदळाच्या पातळ पिठात बुडवलेलं फडकं एकदाच फिरवायचं, कागदासारखा पापुद्रा सुटला की उचलायचा, की लगेच पुढचा. शंभराला ठरलेली मजुरी. त्यात तूप-साखर घालून गुंडाळ्या करायच्या आणि पेटीवर आपलं नाव छापायचं, ते काम दुकानदाराचं. बावीस वर्षं तिने दुसऱ्याच्या नावाच्या पेट्या भरल्या. उजव्या हाताची बोटं इतकी भाजली आहेत की पावतीवर अंगठा उमटत नाही. म्हणून चाळिशीत ती सही करायला शिकली.

ते पैसे गाळ्यासाठी होते. राजमहेंद्रीच्या बसस्थानकासमोर षण्मुगम नावाच्या तमिळ गृहस्थाचे सहा गाळे आहेत. त्यांतला एक रिकामा होत होता. अनामत चाळीस हजार, पहिल्या महिन्याचं भाडं अठराशे. करारनामा वाचायला म्हणून डिसेंबरात ती मला बरोबर घेऊन गेली. षण्मुगम काळ्या वस्त्रांत होता, गळ्यात माळ. म्हणाला, "मी शबरीमलैला चाललो. सोळा जानेवारीला परत येतो. दुपारी चारपर्यंत पैसे आणि सही. सतराला दुसऱ्या माणसाला बोलावलंय, तो पाच हजार जास्त द्यायला तयार आहे. पण आधी शब्द तुम्हाला दिला, म्हणून सोळापर्यंत थांबतो."

मी वहीत १६ लिहिलं आणि खाली रेघ मारली. परत येताना बसमध्ये ती मला म्हणाली, "मूर्तीगारू, सोळाला कनुमा आहे."

माझ्या ध्यानातच नव्हतं. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, कनुमाला, कावळासुद्धा जागचा हलत नाही, असं आमच्याकडे म्हणतात. त्या दिवशी प्रवास करायचा नाही. मुक्कामी आलेला पाहुणासुद्धा त्या दिवशी निघत नाही. मी म्हणालो, "परत जाऊन तारीख बदलून घेऊ."

"नको. तारीख बदला म्हटलं तर तो गाळाच बदलेल. कावळा न हलला तर न हलो. मला काय पंख आहेत?"

हे सगळं मला माहीत होतं. तरी दहा तारखेला पैसे हातात घेऊन ती माझ्या टेबलापाशी उभी राहिली आणि म्हणाली, "मूर्तीगारू, बारापासून सोळापर्यंत तुमची संस्था बंद. हे तुमच्या घरच्या कपाटात ठेवा. माझ्या घरात ठेवले तर सण खाईल." तेव्हा मी नकाराची मान हलवली. म्हणालो, "खातेदाराची रोकड कर्मचाऱ्याने घरी ठेवायची नाही, असा नियम आहे."

"कागदावर लिहून देते."

"कागदावर लिहून दिलंस तर अजूनच वाईट."

तिने पैसे फडक्यात बांधून नेले आणि घरी तांदळाच्या पिंपात दडवले. नियम बरोबर होता. मी चूक होतो. वर्षभर मला या गोष्टीचा राग येतोय, आणि त्यातला पहिला हिस्सा माझा आहे, हे आधीच लिहून टाकतो.

त्या वर्षी त्यांच्या घरात सण नेहमीसारखा नव्हता. मुलीचं, हारिकाचं, लग्न ऑगस्टात झालेलं. जावई दुर्गाप्रसाद काकीनाड्याला मोबाइलच्या दुकानात कामाला. लग्नानंतरची पहिली संक्रांत म्हणजे नव्या जावयाची संक्रांत. गोदावरीच्या या मुलखात त्या तीन दिवसांत जावयासाठी माणसं काय करतात, ते सांगायला नको. कोणी शंभर पदार्थ मांडतो आणि फोटो काढतो. जावयाने त्यांतले पाच खाल्ले तरी पुष्कळ.

मंगतायारूने सणाचा खर्च आधीच बांधला होता. सणाच्या हंगामाची जादा मजुरी मिळून सात हजार दोनशे आले होते, त्यातच सगळं. जावयाला कपडे एकवीसशे, हारिकाला साडी चौदाशे, मग तूप, गूळ, उडीद, कनुमाचं मटण. मला तिने ते पाठ म्हणून दाखवलं होतं. बेचाळीस हजारांना हात लावायचा नाही. नवरा सत्तिबाबू याला ते पैसे आलेत हेही सांगायचं नाही.

सत्तिबाबू वाळूचा ट्रॅक्टर चालवतो. माणूस वाईट नाही, असं सगळे म्हणतात. मीही म्हणायचो. दारू नाही, मारझोड नाही. फक्त सणाच्या दिवसांत कोंबड्यांची झुंज लागली की तो घरचा राहत नाही, आणि चारचौघांत कोणी 'काय मोठे सासरे झालात' म्हणालं की त्याची छाती खिशाच्या पुढे जाते. भोगीच्या दिवशी नारळीच्या बागेत, झुंजीच्या रिंगणाशेजारी, त्याने जावयाच्या खांद्यावर हात टाकून पंधरा माणसांदेखत सांगितलं, "मोटारसायकलीचे पहिले पंचवीस हजार माझे. संक्रांतीचं पान उचलायच्या आत."

पंचवीस हजार त्याने कुठून आणायचे ठरवलं होतं, ते त्यालाच ठाऊक. पण तांदळाच्या पिंपात हात घालायला त्याला बायकोची परवानगी लागत नव्हती, आणि भोगीच्या सकाळी तो हात तिथे जाऊन आला होता.

संक्रांतीला दुपारच्या जेवणाला मी त्यांच्याकडे होतो. आमचं घर तीन दारं सोडून, त्यामुळे दरवर्षीचं बोलावणं. अंगणात जाऊन बघतो तर पानं वाढलेली, गुत्ती वांगी, फणसाची भाजी, चिंचेचा पुलिहोरा भात, पुरणाचे बोब्बट्लू, उडदाचे गारे, सगळं वाढलेलं, आणि जावई पानावर नाही. अंगणाच्या कडेला खाट टाकलेली, त्यावर तो भिंतीकडे तोंड करून पडलेला. एकवीसशेचे नवे कपडे अंगात.

आमच्याकडे याला अलक पान्पू म्हणतात, म्हणजे रुसव्याची खाट. नवा जावई खाटेवर रुसून पडतो. तोंडाने काही मागत नाही. घरच्यांनी ओळखायचं, द्यायचं, त्याची समजूत काढायची, मग तो उठून जेवतो. तो उठेपर्यंत घरात कोणी घास घ्यायचा नाही. माझ्या लग्नात मी पाऊण तास पडलो होतो आणि एक मनगटी घड्याळ घेऊन उठलो होतो. तेव्हा सगळे हसत होते. त्या अंगणात कोणी हसत नव्हतं.

सत्तिबाबूची थोरली बहीण, म्हणजे मंगतायारूची वदिना, नागमणी खाटेच्या पायाशी पदर सावरत उभी होती. ती मंगतायारूला म्हणाली, "मंगा, जावई पानावर बसत नाहीये आणि तू वाढतेस काय. आधी त्यांच्या मनातलं बघ."

"वदिना, त्यांच्या मनात काय आहे ते अख्ख्या नारळीच्या बागेला कळलंय. मलाच तेवढं कोणी सांगितलं नाही."

"अगं, पुरुषमाणसाने शब्द दिलाय."

"दिला ना. मग त्याने पाळावा."

सत्तिबाबू खांबाला टेकून उभा होता. हळू आवाजात म्हणाला, "आहेत ना गं पिंपात. मी बघितले."

आता कळलं, असं तिच्या तोंडावर दिसलं. तिने हातातली पळी परातीत ठेवली. "शब्द तुझा, नोटा माझ्या. असं कसं चालेल?"

"गाळा काय पळून चाललाय? पुढच्या वर्षी घे. जावई नवा एकदाच असतो."

"वीस महिने मी पण एकदाच भरलेत."

हारिका दारात उभी होती, नव्या साडीत, रडकुंडीला आलेली. "अम्मा, पुरे कर. सगळी गल्ली बघतेय. मी काकीनाड्याला काय तोंड दाखवू?"

मुलीचं ते बोलणं तिला लागलं. मी बघत होतो. रोज घागरीसमोर बसून लाल झालेले तिचे डोळे आणखी लाल झाले. ती आत गेली. मला वाटलं, आणते आता पंचवीस हजार. सत्तिबाबूलाही तेच वाटलं असावं, कारण तो खांब सोडून ताठ उभा राहिला. नागमणी म्हणालीसुद्धा, "बघा, आमची मंगा मनाची मोठी आहे."

ती बाहेर आली ती दुसरी खाट ओढत. खाटेचा एक पाय मोडका आहे, तो फरशीवर खरखरत आला. तिने ती खाट जावयाच्या खाटेला लागून टाकली, तिच्यावर आडवी झाली आणि दुसऱ्या भिंतीकडे तोंड केलं. पैशांचं गाठोडं कमरेला बांधलेलं दिसत होतं.

"हे काय आता?" नागमणी म्हणाली.

"मी रुसले."

"बायका कुठे रुसव्याच्या खाटेवर पडतात का? काहीतरीच तुझं."

"पडू नये असं कुठे लिहिलंय? मूर्तीगारू, तुम्ही लिहिलं-वाचलेले. कुठे लिहिलंय का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी भूक लागलेला, घाबरलेला माणूस. म्हणालो, "माझ्या वाचनात तरी नाही."

"ऐकलंत वदिना? तर मग माझ्या मनात काय आहे ते ओळखा, आणि द्या. तोपर्यंत कोणी घास घ्यायचा नाही. रीत आहे."

त्यानंतर जे तास-दीड तास गेले, तसे मी दुसरे पाहिले नाहीत. दोन खाटा, दोन पाठी. पानांवर माशा. शेजारच्या बायका कुंपणाशी आल्या आणि परत गेल्या नाहीत. एकीने विचारलं, "काय गं मंगतायारू, तुला काय हवंय, मोटारसायकल?" तर ही भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली, "मला माझंच हवंय." सत्तिबाबू जावयापाशी जाऊन कुजबुजला, मग बायकोपाशी जाऊन कुजबुजला, मग कोणापाशीच गेला नाही. तीनच्या सुमाराला दुर्गाप्रसाद उठला. चोवीस वर्षांचा पोरगा, सकाळपासून पोटात काही नाही. कोणाकडे न बघता पानावर बसला आणि जेवला. बोब्बट्लू सहा खाल्ले. मला त्याचा राग नाही. खाट त्याच्यासाठी दुसऱ्यांनी टाकली होती.

सगळे जेवले. मंगतायारू वाढायला उठली, पण हारिका आईच्या हातून वाढून घेईना. स्वतःच्या हाताने भात घेऊन आतल्या खोलीत जाऊन बसली.

कनुमाच्या सकाळी दहाला मंगतायारू आमच्या दारात आली. माझी बायको सुभद्रा अंगणात बसून गारे तळत होती. "पाच हजार कमी आहेत," मंगतायारू म्हणाली. आवाज अगदी सपाट. पहाटे ती आंघोळीला गेली तेव्हा गाठोडं उशीखाली होतं. तेवढ्यात सत्तिबाबू उठला आणि नारळीच्या बागेत गेला.

मी हिशेब केला. तिच्याकडे सदतीस हजार सहाशे पंचवीस, सणाच्या खर्चातून उरलेले तीनशे पंच्याहत्तर, मिळून अडतीस हजार. लागणार एकेचाळीस हजार आठशे. तूट अडतीसशे. सुभद्रा हात पुसत आत गेली आणि डब्यातून अडतीसशे आणून माझ्या हातात दिले. मग म्हणाली, "आज निघू नका म्हणायचं माझं काम आहे, ते मी केलं. आता जा."

बस नाही, रिक्षा नाही. रिक्षावाला राजू घरासमोर कोंबडी साफ करत होता. म्हणाला, "मूर्तीगारू, कनुमाला? दुप्पट दिले तरी नाही. माझी आजी स्वप्नात येऊन मारेल." मी स्कूटर काढली. एकोणसाठाव्या वर्षी पाठीमागे शेजारीण बसवून कनुमाच्या दिवशी निघालो. गल्लीतल्या प्रत्येक दारातून तेच, "आज कुठे?" आणि "काय घाई आहे? उद्या जा." आठव्या दारानंतर मी उत्तर देणं सोडलं.

आणि मग गावाबाहेर नारळीच्या बागेपाशी आलो तर रस्ता बंद. मोटारींनी. हैदराबादच्या, विजयवाड्याच्या, बंगळूरच्या नंबरपाट्या, अर्धा मैल रांग. कनुमाच्या झुंजी बघायला, पैसे लावायला, रात्रभर गाडी चालवून आलेले लोक. इथे मात्र माझा राग अनावर झाला. स्वतःच्या कामाला जायला एक बाई निघाली तर कावळा हलत नाही. पाचशे मैलांवरून पुरुष कोंबड्यावर पैसे उधळायला आले तर ते चालतं, त्यांच्यासाठी तंबू लागतो, थंडगार सरबत असतं. ही म्हण कोणी केली आणि कोणासाठी, याचा मी आयुष्यात कधी विचार केला नव्हता. माझ्या आईला आजोबांच्या शेवटच्या आजारपणात कनुमाला घराबाहेर पडू दिलं नव्हतं. ती दुसऱ्या दिवशी पोचली तोवर सगळं आटोपलं होतं. तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो, आणि मीच दारात उभं राहून तिला म्हणालो होतो, अम्मा, आज नको.

पाऊण तास आम्ही हललो नाही. साडेबारा झाले. मंगतायारू स्कूटरवरून उतरली आणि बागेत शिरली. तिथे बायका जात नाहीत. मी मागोमाग. रिंगणाच्या कडेला सत्तिबाबू बसला होता, संक्रांतीच्या नव्या शर्टात, हातात काही नाही.

"उरले किती?"

त्याने मान खाली घातली. त्याने काळ्या कोंबड्यावर लावले होते. पंचांग बघून, त्या दिवशी काळ्याची वेळ चांगली म्हणून. शेजारी बसलेला म्हातारा आपणहून म्हणाला, "कनुमाला कावळा हलत नाही, तसा तोही हलला नाही. उभ्या उभ्या मेला." आणि आपल्याच विनोदावर हसला. मंगतायारूने त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो हसायचा थांबला.

मला वाटलं ती आता नवऱ्याला चारचौघांत बोलेल. तिने एवढंच म्हटलं, "ऊठ. वाट करून दे."

तो उठला. आणि पुढे जे झालं ते निम्म्या गावाने पाहिलं. पुढे सत्तिबाबू, मोटारींच्या काचांवर थापा मारत, "सरका, जरा बाजूला घ्या, बाईला जायचंय" म्हणत, शिव्या खात. मागे मी स्कूटर ढकलत, आणि माझ्यामागे ती. पंधरा माणसांदेखत शब्द दिला होता त्याने. त्यांतले दहा तरी तिथे उभे होते. रांगेच्या टोकाला पोचलो तेव्हा त्याचा शर्ट घामाने भिजला होता. तो म्हणाला, "मी पण येऊ?"

"कनुमा आहे," ती म्हणाली. "तू नको हलू."

बोब्बरलंका, मग गोदावरीवरचा लांबलचक बंधारा, मग धवळेश्वरम. पुढचा सगळा रस्ता मोकळा. बंधाऱ्यावर वारा होता, तिचा पदर माझ्या चष्म्यावर येत होता.

षण्मुगम दोन वाजता आपल्या दुकानातच होता. माळ उतरवलेली, कपाळावर भस्म. आम्हाला बघून तो खुर्चीतून अर्धवट उठला आणि तसाच थांबला. "आज तुम्ही लोक निघत नाही ना?"

मी म्हणालो, "तारीख तुम्हीच दिली होती."

"दिली होती." तो जरा हसला, ओशाळून. "एकोणीस वर्षं राहतोय इथे. कनुमा मला माहीत नाही का? मी धरूनच चाललो होतो की तुम्ही सतराला याल, रडाल, आणि गाळा गेलेला असेल. शब्दही मोडला नसता आणि पाच हजारही आले असते."

हे तो इतक्या सहज बोलला की मला त्याची गचांडी धरावीशी वाटली. मंगतायारू मात्र समोरच्या खुर्चीत बसली, गाठोडं सोडलं आणि म्हणाली, "मोजा." त्याने दोनदा मोजले. एकेचाळीस हजार आठशे. तिने करारनाम्यावर चार ठिकाणी सही केली, सावकाश, प्रत्येक अक्षर पुरं करून. षण्मुगमने किल्ली दिली. तिने किल्ली गाठोड्याच्या रिकाम्या फडक्यात बांधली आणि कमरेला खोचली. परतताना धवळेश्वरमला ती म्हणाली, "मूर्तीगारू, थांबा. भूक लागली." कालपासून ती धड जेवलीच नव्हती. टपरीवर दोन इडल्या खाल्ल्या, पैसे मला देऊ दिले नाहीत.

गाळा चालतोय. पेटीवर तिचं नाव आहे. आमचे अडतीसशे तिने मार्चअखेर परत केले, तीन हप्त्यांत, आणि सुभद्राच्या हातात, माझ्या नाही. त्यावर मला काही म्हणायचा हक्क नाही.

हे लिहितो आहे तेव्हा पुढची संक्रांत आठ दिवसांवर आली आहे. यंदाचा सणाचा खर्चही तिने बांधलाय, मजुरीच्या जागी आता गल्ल्यातून. हारिका येणार नाही. फोनवर तिने, नवऱ्याला दुकानात सुट्टी मिळत नाही, असं सांगितलं. दुर्गाप्रसादने स्वतः कर्ज काढून मोटारसायकल घेतली आहे. नागमणी अजून म्हणते की बाईने गाळा मिळवला आणि लेक घालवली. तिला उत्तर द्यायला मंगतायारू थांबत नाही. एकदा मात्र माझ्याजवळ म्हणाली, "पोरीसाठीच तर घेतला होता. तिला कधीतरी कळेल, नाहीतर नाही कळणार." आणि गिऱ्हाइकाकडे वळली.

सत्तिबाबूचे पाच हजार तिने माफ केले नाहीत. कनुमाच्या दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन ती संस्थेत आली, आणि मी एका कोऱ्या वहीत त्याच्या नावाने रक्कम लिहून त्याची सही घेतली. हे संस्थेच्या नियमात बसत नाही. तो दर महिन्याला काहीतरी आणून देतो. आजवर चार हजार एकशे पन्नास आले. आठशे पन्नास बाकी आहेत.